‘पॉझिटिव्ह’ म्हणजे नक्की कोण? : विट्याजवळच्या एका लेयर फार्मचं प्रकरण

मागच्या जानेवारीत, ७ तारखेला, विटा–मायणी रस्त्यालगतच्या एका लेयर (अंड्यांच्या कोंबड्यांच्या) फार्मवरून फोन आला. फार्म चालवणाऱ्यांना इथे नुसतं तात्या म्हणू. नाव आणि गाव मुद्दाम गाळलंय, त्याचं कारण पुढे येईलच. "डॉक्टर, दोन नंबरचं अंडं बिघडलंय. व्यापारी ट्रे माघारी लावतोय. जरा येऊन जावा."

फार्मवर तीन शेड. एक नंबरला ५८ आठवड्यांचे सहा हजारांवर पक्षी, दोन नंबरला ३१ आठवड्यांचे ६,०००, आणि तीन नंबरला नऊ आठवड्यांच्या पाच हजार तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या). तीन वयांचे पक्षी एकाच कुंपणात ठेवणं चांगलं नाही हे तात्यांनाही ठाऊक आहे. पण अंडी बाराही महिने विकायची तर लहान फार्मवाल्याला दुसरा रस्ता नसतो. शेड उभी राहिली ती थोरल्या भावाच्या पैशावर. खानापूर तालुक्यातल्या बऱ्याच घरांसारखं यांचंही घर गलाईवर उभं आहे. भाऊ तमिळनाडूत सोनं-चांदी गाळण्याचं दुकान चालवतात.

दोन नंबरची बॅच ऐन बहरात होती. ३ जानेवारीपर्यंत उत्पादन ९३ टक्के, मी पोचलो त्या दिवशी ८४. तात्यांनी काही न बोलता स्टीलचं ताट पुढे केलं आणि त्यात दोन अंडी फोडली. एक नंबरच्या शेडमधल्या अंड्याचा बलक टेकाडासारखा उभा राहिला, भोवती पांढऱ्याचं घट्ट कडं. दोन नंबरचं अंडं मात्र ताटभर पसरलं. पांढरं पाण्यासारखं, बलक सैल, सरकत ताटाच्या काठाला गेलेला. ट्रेमधल्या बऱ्याच अंड्यांच्या कवचावर सुरकुत्या होत्या, काहींचं टोक चपटं झालेलं, काही बोटाच्या दाबानं पिचत होती.

थंडीमुळे शेडचे पडदे दिवसरात्र खाली होते आणि अमोनिया डोळ्यांना झोंबत होता. मी रात्री नऊपर्यंत थांबलो. दिवे बंद करून दहा मिनिटं शेडमध्ये गप्प उभं राहणं ही सगळ्यांत स्वस्त तपासणी आहे, आणि बहुतेकजण तीच टाळतात. पिंजऱ्यांच्या दोन ओळींमधून बारीक खरखर ऐकू येत होती, मधूनच शिंक. चेहऱ्यावर सूज नव्हती, नाकाला घाण वास नव्हता, म्हणजे कोरायझा (कोंबड्यांची जीवाणूंमुळे होणारी सर्दी) मागे पडला. मान वळलेला किंवा पाय ओढणारा एकही पक्षी दिसला नाही.

मरतूक दिवसाला चार-पाच, म्हणजे फार नव्हती. ताजे मेलेले तीन पक्षी फाडले. श्वासनळीत चिकट पाणी आणि थोडी लाली. मूत्रपिंडं मात्र दुप्पट फुगलेली, फिकट, आणि मूत्रवाहिन्या पांढऱ्या युरेटनं तट्ट भरलेल्या, चुन्याची नळी भरावी तशा. आजार कुठला असावा याचा अंदाज तिथेच आला होता. पुढच्या घोळाला थोडाफार हा अंदाजच कारणीभूत ठरला.

आधी काय नाही ते

अंडी घटली आणि श्वास लागला की विट्याकडे पहिलं नाव निघतं ते मानमोडीचं, म्हणजे राणीखेतचं. तात्यांनाही तेच वाटत होतं. पण रक्ताच्या एचआय चाचणीत मानमोडीविरुद्धची प्रतिकारशक्ती चांगली आणि सगळ्या पक्ष्यांत साधारण सारखी निघाली. अंडी एकाएकी घसरवणारा आणखी एक आजार म्हणजे ईडीएस (एग ड्रॉप सिंड्रोम). त्यात कवच जातं, पण पक्षी खरखरत नाही. बर्ड फ्लूची शंका मरतुकीवरून येत नव्हती, तरी ती मनाशी ठरवून मोकळं होण्याची बाब नव्हे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आल्यावर काय झालं ते या धंद्यातल्या प्रत्येकाच्या लक्षात आहे. पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवलं आणि त्यांच्यामार्फत नमुने औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे गेले. फ्लू निगेटिव्ह आला. लेयरमध्ये हुबेहूब असाच गोंधळ घालणारा कमी तीव्रतेचा फ्लू, एच-९-एन-२, सुद्धा त्यातच बाद झाला.

उरला इन्फेक्शियस ब्राँकायटिस, कोंबड्यांचा विषाणूजन्य श्वसनरोग, आपल्या बोलीत ‘आयबी’.

माझी चूक

८ जानेवारीला मी घशातले स्वॅब घेतले. दोन नंबरच्या पाच पक्ष्यांचे, आणि तीन नंबरच्या पाच तलंगांचे, कारण तलंगाही शिंकू लागल्या होत्या आणि आजार तिकडे पसरला असं मी धरून चाललो होतो. तपासणीचा खर्च वाचावा म्हणून दहाही स्वॅब एकाच नळीत घातले. प्रयोगशाळेनं आरटी-पीसीआर केलं आणि दोन दिवसांत कळवलं : आयबी पॉझिटिव्ह.

तात्यांना वाटलं, सुटलो. मलाही वाटलं. शेडची वही उलटताना मग एक ओळ दिसली, जी मी नमुने घेण्याआधी वाचायला हवी होती : "२ जाने. शेड ३. एच-१२० पाण्यातून."

एच-१२० ही आयबीची जिवंत लस. मूळ विषाणू कोंबडीच्या अंड्यांत एकामागून एक १२० वेळा वाढवून सौम्य केलेला, म्हणून हे नाव. जिवंत लस दिल्यावर लसीचा विषाणू श्वासनळीत वाढतो, तलंगा चार-सहा दिवस शिंकतात आणि आपोआप थांबतात. माझ्या नळीतल्या अर्ध्या स्वॅबना पॉझिटिव्ह येणं भागच होतं. नेहमीचं पीसीआर विषाणूच्या जनुकाचा जो तुकडा शोधतं तो बहुतेक सगळ्या आयबी विषाणूंत सारखाच असतो. म्हणूनच ते सहसा कुणाला चुकवत नाही, आणि म्हणूनच लस कोणती, आजार कोणता हे सांगू शकत नाही. त्या नळीतल्या विषाणूच्या जनुकीय अक्षरांचा क्रम वाचून घेतला तेव्हा तो मॅसॅच्युसेट्स गटाशी, म्हणजे लसीशीच, जवळजवळ अक्षर न् अक्षर जुळला.

"म्हंजे लसच आजार म्हणून आली का?" तात्यांनी विचारलं.

नाही. पण दोन नंबरमध्ये काय आहे याचं उत्तरही त्या नळीत नव्हतं.

काट्याचं टोक

इथे थोडं विषाणूबद्दल बोलायला हवं. आयबीचा विषाणू गॅमाकोरोनाव्हायरस या वंशातला, एकपदरी आरएनएचा. त्याच्या आरएनएत साधारण २७,६०० अक्षरं असतात. पिल्लांमधला हा नवा श्वसनरोग म्हणून त्याची पहिली नोंद अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात १९३१ साली झाली. ‘कोरोनाव्हायरस’ हा शब्द त्यानंतर ३७ वर्षांनी, १९६८ मध्ये, रूढ झाला.

पृष्ठभागावर त्याला काटे असतात. काट्याच्या बाहेरच्या टोकाला एस-१ म्हणतात. पेशीला चिकटण्याचं काम एस-१ करतो आणि कोंबडीची प्रतिपिंडंही मुख्यतः त्यालाच ओळखतात. गंमत अशी की विषाणूचा सगळ्यांत जास्त बदलणारा भागही हाच. आरएनएची नक्कल करताना चुका होतात, एकाच पक्ष्यात दोन विषाणू भेटले तर ते तुकड्यांची अदलाबदल करतात, आणि यातून टोकाचा आकार बदललेला विषाणू जुन्या प्रतिपिंडांना चकवतो. मॅसॅच्युसेट्स प्रकाराची लस कनेक्टिकट प्रकारापासून वाचवत नाही, हे १९५६ सालीच दाखवलं गेलं होतं. वेगळ्या सेरोटाइपमध्ये (प्रतिपिंडांना वेगळे वाटणाऱ्या प्रकारांत) एस-१ प्रथिनातली शंभरातली वीस-पंचवीस अमिनो आम्लं वेगळी असू शकतात. कधी शंभरात दोन-तीन बदलही पुरतात.

म्हणून ओळख पटवायची तर एस-१ चं जनुक वाचायचं. ते साधारण १,६०० अक्षरांचं आहे. २०१६ मध्ये याच जनुकावरून जगभरच्या आयबी विषाणूंची वंशावळ नव्यानं मांडली गेली : सहा जीनोटाइप (जनुकीय गट), त्यांत मिळून ३२ शाखा. एच-१२० आणि बाकीचे मॅसॅच्युसेट्सवाले पहिल्या जीनोटाइपच्या पहिल्या शाखेत, जीआय-१ मध्ये येतात. युरोपात गाजलेला ४/९१ हा प्रकार जीआय-१३ मध्ये. जीआय-२४ ही शाखा भारतातल्या विषाणूंची.

हे सगळं तात्यांना अंगणात बसून समजावत होतो, तर ते मध्येच म्हणाले, "आमच्या थोरल्याच्या दुकानात असंच असतंय की. पिवळं दिसलं म्हणून सोनं म्हणत नाहीत. कसोटीवर घासल्याबिगर भाव बोलत नाहीत. तुमचं पयलं टेस्टिंग म्हंजे नुसतं पिवळं हाय का बघणं." त्यानंतर मी हे उदाहरण कितीतरी फार्मवाल्यांना दिलंय, तात्यांचं नाव न घेता.

दुसरी खेप

या वेळी फक्त दोन नंबरची शेड. १३ जानेवारीला खरखरणारे, पण जिवंत असे चार पक्षी निवडले. सकाळपासून मरून पडलेला पक्षी कामाचा नसतो, आरएनए पटकन कुजतं. प्रत्येकाची श्वासनळी, मूत्रपिंड आणि सीकल टॉन्सिल (आतड्यातली एक गाठ) वेगवेगळ्या नळ्यांत घेतली. पक्षी बदलला की कात्री स्पिरिटनं पुसून जाळावर धरली. नळ्या बर्फाच्या डब्यात घालून त्याच दुपारी गाडीनं पुण्याला रवाना केल्या. सोबत एक कागद : प्रत्येक शेडचं वय, प्रत्येक लस, तारीख, देण्याची पद्धत. पहिल्या खेपेला हा कागदच नव्हता.

तीन अवयव का, यावर प्रयोगशाळेतल्या बाईंशी माझं फोनवर बराच वेळ बोलणं झालं. लसीचा विषाणू हवेतून शेजारच्या शेडमध्ये जाऊ शकतो, त्यामुळे दोन नंबरच्या श्वासनळीतही तो सापडेल. सीकल टॉन्सिलमध्ये तो आठवडेच्या आठवडे तग धरतो, तिथे सापडला तर तो आताचा की मागचा हे कळत नाही. मूत्रपिंडाच्या निकालाला महत्त्व जास्त, कारण इजा तिथेच दिसत होती आणि लसीच्या विषाणूचं ते नेहमीचं ठिकाण नाही. बाईंनी आणखी एक मुद्दा काढला. नमुना आधी नऊ ते अकरा दिवसांच्या भ्रूणाच्या अंड्यात वाढवायचा ही जुनी पद्धत. त्यात भ्रूण खुरटतो, अंग मुडपून गोळा होतो, आणि आयबीची ती खूण मानली जाते. पण लसीचा विषाणू तर अंड्यातच वाढून तयार झालेला. मिश्र नमुना अंड्यात घातला तर शर्यत तोच जिंकणार आणि खरा गुन्हेगार मागे राहणार. म्हणून त्यांनी अवयवांतून थेट क्रम वाचला.

निकाल असा आला. श्वासनळीतून वाचलेल्या क्रमाच्या आलेखात जागोजागी एकावर एक दोन शिखरं होती, म्हणजे दोन विषाणूंची मिसळ. त्यांतला एक लसीसारखा. चारपैकी तीन पक्ष्यांच्या मूत्रपिंडांत मात्र एकच, स्वच्छ क्रम. तो एच-१२० पासून बराच लांब होता, एस-१ प्रथिनाची जुळणी जेमतेम ऐंशी टक्क्यांच्या घरात. वंशावळीच्या झाडावर तो जीआय-२४ च्या फांदीवर जाऊन बसला.

मला याचं फार आश्चर्य वाटलं नाही. मूत्रपिंडाला इजा करणारा, तोवरच्या प्रकारांपेक्षा जनुकीयदृष्ट्या वेगळा आयबी विषाणू भारतात असल्याचं २००५ सालीच प्रसिद्ध झालंय, आणि तो नमुना पुण्याचा होता. त्याच्या नावातच ‘पुणे’ आहे. तात्यांच्या शेडमधल्या विषाणूनं नवं काही घडवलं नव्हतं. लस एका टोकाची आणि विषाणू दुसऱ्या टोकाचा, एवढंच. लस वाया गेली असंही मी म्हणणार नाही. ती नसती तर मरतूक चार-पाचवर थांबली असती का, याची मला शंका आहे.

नाव

अहवालात पहिल्याच ओळीत ‘कोरोनाव्हायरस’ होतं. तात्यांनी कागद हातात घेतला, घडी केला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. "डॉक्टर, त्यो शब्द तेवढा गावात काढू नगासा."

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकन खाल्ल्यानं कोरोना होतो ही अफवा मोबाइलवरून फिरली तेव्हा चिकनचे भाव कोसळले, लोकांनी पक्षी फुकट वाटले, काहींनी पुरले. आयबीचा विषाणू माणसाला होत नाही. कोविडचा विषाणू बीटाकोरोनाव्हायरस, हा गॅमा. आडनाव एक, घराणी वेगळी. हे मी सांगू शकतो. पण अंडी घेणारा व्यापारी पहिला शब्द वाचून ट्रे खाली ठेवणार, हे तात्यांचं म्हणणंही खोडता येत नव्हतं.

त्यातच प्रयोगशाळेनं विचारलं, क्रमाला नाव काय द्यायचं? रिवाज असा की नावात पक्षी, देश, ठिकाण, क्रमांक आणि वर्ष येतं. त्यांच्या अर्जात गावाचं नाव भरलेलं होतं. तात्या म्हणाले, "राणीखेत गावाला इचारा." हिमालयातल्या कुमाऊँमध्ये १९२७-२८ च्या सुमारास तो आजार नोंदला गेला आणि शंभर वर्षं होत आली तरी देशभरच्या कोंबड्या त्या गावाच्या नावानं मरताहेत. मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, अर्कान्सा हीही अखेर माणसं राहतात अशीच ठिकाणं. आम्ही गाव खोडून ‘सांगली’ लिहिलं. आजही मला तो निर्णय पटतो. ठिकाणाची माहिती विज्ञानाला हवीच, पण ती जिल्ह्यापर्यंत पुरते. एवढ्याशा गावात लेयर फार्म दोनच असतील, तर गावाचं नाव लिहिणं म्हणजे माणसाचं नाव लिहिणंच.

आला कुठून

क्रम हे सांगत नाही. ते वहीनं सांगितलं, आणि तेही पुराव्याच्या पातळीवर नव्हे, अंदाजाच्या.

९ डिसेंबरला एक नंबरमधले ४०० कल (छाटून काढलेले) पक्षी विकले होते. गाडीवाल्यानं स्वतःचे क्रेट आणले होते, दुसऱ्या फार्मवरून थेट. १४ डिसेंबरपासून एक नंबरचं उत्पादन ८२ वरून ७८ वर आलं होतं. त्यापुढे तात्यांच्या अक्षरात : "थंडी. मका बदलला." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून कुणी पुढे विचारलं नाही. ३१ डिसेंबरपासून चार दिवस दोन नंबरचा गडी लग्नाला गेला आणि एक नंबरच्या गड्यानंच दोन्ही शेड सांभाळल्या. तीच चप्पल, तेच ट्रे. आयबीला लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दीड दिवसही पुरतो. दोन नंबरची घसरण ४ जानेवारीला सुरू झाली. एक नंबरचं रक्त तपासलं तर एलायझाचे (प्रतिपिंडं मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे उंच आणि फार विस्कळीत आले. लागण होऊन गेल्यासारखे, पण लसीचे पक्षी असल्यानं त्यावर शपथ घेता येत नाही.

केलं काय

विषाणूवर औषध नाही, हे एकदा मान्य केलं की काम सोपं होतं. पडदे वरून हातभर उघडले, अमोनिया निम्म्यावर आला. पाण्यातून इलेक्ट्रोलाइट दिले, मूत्रपिंडावरचा ताण हलका व्हावा म्हणून. खाद्यातली प्रथिनं कमी करायची का, यावर मी दोन दिवस घुटमळलो. मूत्रपिंडाला ते बरं, अंड्याला वाईट. शेवटी पाच दिवस किंचित उतरवली आणि पुन्हा पूर्ववत केली. सरसकट अँटिबायोटिक दिलं नाही, श्वासपिशव्यांत ई. कोलाय हा जीवाणू दिसला असता तर दिलं असतं.

आजारी शेडला जिवंत लस टोचायची मागणी तात्यांच्या भाच्याकडून आली, मोबाइलवर कुठेतरी वाचून. ती मी ठाम नाकारली. बाहेरचा विषाणू शेडमध्ये भरात असताना त्याच पक्ष्यात आणखी एक जिवंत विषाणू सोडणं म्हणजे अदलाबदलीला आयतं मैदान देणं.

पुढच्या बॅचसाठी वेळापत्रक मात्र बदललं. जीआय-२४ ची हुबेहूब लस हाताशी नाही. पण दोन वेगळ्या टोकांच्या लशी क्रमानं दिल्या तर तिसऱ्या, न भेटलेल्या प्रकारापासूनही बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. परवाना असलेल्या लशींतून तसा क्रम बसवला. पहिला डोस पाण्यातून न देता डोळ्यातून, एकेक पिल्लू हातात धरून. वेळ लागतो, गडी कुरकुरतात. पण निपलच्या पाण्यातून कुणाला किती लस मिळाली हे कुणीच सांगू शकत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतल्या पिल्लांना हा आजार झाला तर काहींची अंडनलिका कायमची खराब होते. पक्षी दिसायला धडधाकट, तुरा लाल, आणि अंडं एकही नाही. ती भीती खरी होती.

बाकी सगळी साधी कामं. रोजची फेरी लहान पक्ष्यांकडून मोठ्यांकडे, उलटी नाही. प्रत्येक शेडची चप्पल दाराशीच. व्यापाऱ्याचे ट्रे आत येणार नाहीत. कल पक्षी गेटपर्यंत आपल्या क्रेटमधून न्यायचे, गाडी बाहेरच उभी राहील.

दोन नंबरचं उत्पादन १५ जानेवारीला ७१ टक्क्यांवर टेकलं आणि तिथून हळूहळू चढत आठव्या आठवड्यात ८६ वर थांबलं. ९३ परत दिसले नाहीत. पाच आठवड्यांत १४० पक्षी गेले. वहीतून बेरीज केली तर आठ आठवड्यांत साधारण ४३,००० अंडी कमी. पाच रुपये दर धरला तर दोन लाखांच्या वर, आणि पाणचट म्हणून कमी भावानं गेलेली अंडी यात धरलेली नाहीत. मार्चच्या शेवटी पुन्हा ताटात अंडी फोडली. बलक उभा राहत होता, पण पांढऱ्याचं कडं अजून सैलच होतं.

या एका फार्मवरून सांगली जिल्ह्यात कुठला आयबी फिरतोय हे मी सांगणार नाही. चार पक्षी, एक शेड, आणि २७,६०० पैकी १,६०० अक्षरं. उरलेल्या आरएनएत कुणाचे तुकडे आहेत ते कुणी पाहिलेलं नाही. जूनमध्ये तीन नंबरच्या तलंगा भर अंड्यावर आल्या, ९१ टक्के. तात्यांनी वहीत एक नवा रकाना आखलाय, ‘रात्री नऊ’. त्यात रोज एकच शब्द असतो. बहुतेक दिवशी ‘गप्प’, आणि जुलैत दोनदा ‘शिंक – ३’.